टकलाखाली काय उरते

नाहून झाल्यावर कंगव्यात आलेला एखादा केस उजेडात धरून पाहा. त्याच्या एका टोकाला मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असा पांढरा ठिपका दिसतो. तो दिसला की पोटात गोळा येतो. ‘मुळासकट आला’ असे आपण म्हणतो आणि त्या जागी आता काही उगवणार नाही, असे धरून चालतो. पण तो ठिपका केसाचे मूळ नसतोच. केसाची वाढ थांबल्यावर त्याचे खालचे टोक केराटिनने घट्ट होऊन गोळ्यासारखे बनते, तेच ते. केस ज्या नळीतून वर येतो तो रोमकूप त्वचेतच राहिलेला असतो. पुढचा केस घडवणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, त्या रोमकूपाच्या वरच्या भागात जागच्या जागी असतात. वर्षानुवर्षे टक्कल असलेल्या डोक्यावरही त्या सापडतात, आणि टकलावरच्या नव्या उपचारांची सगळी आशा त्यावरच उभी आहे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांचे रोमकूप आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर नव्याने रोमकूप तयार होण्याची सोय निसर्गाने माणसाला ठेवलेली नाही. मात्र असलेला प्रत्येक रोमकूप आपापल्या वेळापत्रकाने आयुष्यभर पुनःपुन्हा स्वतःला घडवतो. दोन ते सहा वर्षे केस वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत रोमकूपाचा खालचा भाग आक्रसून नाहीसा होतो. त्यानंतर साधारण तीन महिने तो विसावा घेतो. जुना केस गळतो आणि मूलपेशी पुन्हा कामाला लागून तो नाहीसा झालेला खालचा भाग नव्याने बांधतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा या फेऱ्यांचाच भाग आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात आपला निम्म्याहून अधिक भाग मोडून पुन्हा उभा करणारा असा दुसरा अवयव शोधून सापडणार नाही. म्हणूनच केसांत ज्यांना तिळमात्र रस नव्हता असे पेशीशास्त्रज्ञही गेली तीस-पस्तीस वर्षे रोमकूपाकडे डोळे लावून बसले आहेत.

टक्कल पडते तेव्हा या चक्रात बिघाड होतो. केस एका रात्रीत जात नाहीत. वाढीचा काळ प्रत्येक फेरीत थोडा आखूड होतो, रोमकूप थोडा लहान होतो, येणारा केस थोडा बारीक येतो. पाच-सात फेऱ्यांनंतर जाड काळ्या केसाच्या जागी फक्त लव उरते. पुरुषांत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात आणि माथ्यावर चकती दिसू लागते. बायकांत कपाळावरची रेघ बहुधा शाबूत राहते, पण भांग रुंदावतो आणि टाळू दिसू लागते. याला ठरावीक आराखड्याची केसगळती म्हणतात, कारण ती कुठून सुरू होणार आणि कुठे थांबणार, हे बरेचसे ठरलेले असते. कानामागचे आणि मानेवरचे केस शेवटपर्यंत टिकतात.

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण तिच्यापायी लोक चुकीच्या उपचारावर पैसे घालवतात. डोक्यावर किंवा दाढीत अचानक नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडते ती चाई. तो आजार वेगळा. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच रोमकूपावर हल्ला करते. २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्यता मिळालेली बॅरिसिटिनिब ही गोळी ठरावीक आराखड्याच्या टकलावर चालत नाही. बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस जातात, तो तिसरा प्रकार. एकाच वेळी फार केस विसाव्याच्या काळात गेल्यामुळे तसे होते आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत आपोआप परततात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातील गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. त्या घटनेचाही आनुवंशिक टकलाशी संबंध नव्हता. आपोआप परतणाऱ्या केसांचे श्रेय एखाद्या इंजेक्शनला देणे फार सोपे असते, हे पुढचे वाचताना ध्यानात असू द्यावे.

टकलामागे पुरुषी संप्रेरक आहे, हे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. वयात येण्याआधीच ज्यांची वृषणे काढली गेली होती किंवा निकामी झाली होती, अशा पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना टक्कल पडत नव्हते. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र त्यांच्यातल्या काहींचे केस जाऊ लागले, आणि हे ‘काही’ कोण, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते ते. म्हणजे संप्रेरक हवे आणि वारसाही हवा. आईच्या वडिलांना टक्कल असेल तर नातवाला येणार, असे घरोघरी म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचे जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते, हे खरे. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधील ५२,००० हून अधिक पुरुषांच्या जनुकांची छाननी झाली तेव्हा टकलाशी नाते असलेल्या २८७ जागा सापडल्या. बापाचा वाटा त्यातून सुटत नाही.

पुढची गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमधली. तिथल्या काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या अधिक तीव्र रूपात रूपांतर करणारे विकर जन्मतःच कमी असते, असे ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. त्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि त्यांना टक्कलही पडत नव्हते. तेच विकर रोखणारे औषध म्हणजे फिनास्टेराइड. टकलासाठी त्याची एक मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाली. मिनॉक्सिडिलचा जन्म रक्तदाबाची गोळी म्हणून झाला. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि १९८८ मध्ये ते डोक्याला लावायचे औषध बनले. केशरोपण त्याहून जुने. मागचे केस पुढे लावले तरी ते आपला मागचा स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवले आणि आजचे रोपण त्याच तत्त्वावर चालते.

या तिन्ही उपायांची मर्यादा एकच. पहिले दोन असलेले टिकवतात, थोडे जाड करतात, आणि बंद केले की काही महिन्यांत पूर्ववत होते. रोपणाने आहेत त्याच केसांची जागा बदलते. मागची शिल्लक संपली की डॉक्टरांचेही हात बांधलेले. नवा केस उगवायचा तर मूलपेशींपर्यंत जावे लागते.

पण त्या राहतात कुठे? केस रोमकूपाच्या तळाशी वाढतो, तेव्हा मूलपेशीही तळाशीच असणार, असे पूर्वी गृहीत धरले जाई. १९९० मध्ये जॉर्ज कॉट्सरेलिस, टुंग-टिएन सुन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पेशी विभागताना नवे डीएनए तयार करते. त्या डीएनएत किरणोत्सारी खूण बसेल असा पदार्थ त्यांनी उंदरांच्या पिल्लांना दिला आणि चार आठवडे थांबले. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांच्यातली खूण दर विभाजनाला निम्मी होत पुसट होते. ज्या क्वचितच विभागतात त्यांच्यात ती टिकून राहते. आणि मूलपेशी तर मुद्दाम सावकाश विभागतात. चार आठवड्यांनी पाहिले तर तळाशी खूण जवळपास उरली नव्हती. ती उरली होती वर, तेलग्रंथीच्या खाली, रोमकूपाच्या भिंतीला असलेल्या एका छोट्याशा फुगवट्यात. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा बारीक स्नायू जिथे येऊन चिकटतो, तीच ही जागा. रोमकूपाचा खालचा भाग दर फेरीला मोडतो. फुगवटा मात्र मोडत नाही. जुन्या घरांत रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून त्यावरच चूल पेटवत. फुगवट्यातल्या मूलपेशी वर्षानुवर्षे तशाच राखून ठेवलेल्या असतात.

फुंकर घालणारा कोण, हे शोधण्याचे काम इंग्लंड-स्कॉटलंडकडे झाले. रोमकूपाच्या अगदी तळाशी, केसाच्या कंदात खालून शिरलेला पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. त्याला त्वचांकुर म्हणू. रॉय ऑलिव्हर यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या मिशांवर काम करून दाखवले होते की हा पुंजका काढला की केस थांबतो, आणि परत बसवला की सुरू होतो. १९८४ मध्ये कॉलिन जहोडा, हॉर्न आणि ऑलिव्हर यांनी या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत घातल्या, तरी केस आले. मग १९९९ मध्ये आला तो प्रयोग, जो मला या विषयातला सर्वांत धाडसी वाटतो. जहोडा यांच्या डोक्यावरच्या रोमकूपांच्या तळाचे आवरण घेऊन ते त्यांच्या सहकारी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हाताच्या त्वचेत बसवले गेले. जिथे नुसती लव होती तिथे काही आठवड्यांत जाडसर, रंगीत केस आले. तपासले तेव्हा नव्या रोमकूपाच्या तळाच्या पेशींत वाय गुणसूत्र सापडले, म्हणजे त्या पुरुषाच्या होत्या. केस मात्र बाईच्या स्वतःच्या पेशींनी घडवला होता. दुसऱ्याच्या पेशी असूनही शरीराने त्या झिडकारल्या नाहीत. आदेश एकाचा आणि बांधकाम दुसऱ्याचे, हे इतक्या लख्खपणे त्यापूर्वी माणसात कुणी दाखवले नव्हते.

या दोन शोधांची गाठ २०११ मध्ये पडली. केशरोपणासाठी आलेल्या पुरुषांच्या डोक्यावरचे त्वचेचे दोन-दोन तुकडे, एक टकलावरचा आणि एक केसांतला, लुइस गार्झा, कॉट्सरेलिस आणि सहकाऱ्यांनी तपासले. माणूस तोच, जनुके तीच, रक्त तेच. टकलावरच्या भागात मूलपेशी कमी भरतील, असे कुणालाही वाटले असते. त्या जवळजवळ तितक्याच भरल्या. कमी झाली होती ती पुढची फळी: मूलपेशींपासून तयार होऊन प्रत्यक्ष केस बांधायला निघणाऱ्या पेशी. म्हणजे मूलपेशी आहेत, पण त्यांना काम सांगणारा आवाज पोचत नाही. डीएचटीचा आघात होतो तो मुख्यतः त्वचांकुरावर. त्याच्या पेशी वाढीचे संदेश देणे कमी करतात, थांबण्याचे संदेश वाढवतात आणि पुंजकाही आटत जातो.

माझ्या मते टकलाच्या उपचाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक निरीक्षण नीट समजून घ्यावे. कारण ‘तुमच्या मूलपेशी संपल्यात, आम्ही नव्या टाकतो’ हे ऐकायला बरे वाटते, पण बहुतेकांच्या बाबतीत पहिले अर्धे वाक्यच खरे नसते. याला एक पुरवणी जोडायला हवी. वृद्धत्वाने केस विरळ होतात तिथे मूलपेशी खरोखर हरवतात: १७ क्रमांकाचे कोलॅजन कमी झाले की त्यांची पकड सुटते आणि त्या त्वचेबाहेर टाकल्या जातात, असे एमी निशिमुरा यांच्या जपानी गटाने २०१६ मध्ये दाखवले. फार जुन्या टकलात काटा आणणारा स्नायूही रोमकूपापासून सुटतो आणि तिथे चरबी भरते. त्यामुळे पंचविशीतल्या विरळ माथ्याला जी आशा आहे, ती सत्तरीतल्या तुळतुळीत डोक्याला तेवढी नाही.

आता दवाखान्यात जे मिळते त्याकडे वळू. मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत पाट्या लागल्या आहेत आणि त्यांवर ‘स्टेम सेल’ हे शब्द सढळ हाताने लिहिलेले असतात. आत गेल्यावर बहुतेक वेळा मिळते ते पीआरपी. दंडातून दहा-वीस मिलिलिटर रक्त काढतात, नळी यंत्रात गरगरा फिरवतात. बाहेर येते तेव्हा नळीत तीन थर पडलेले असतात: तळाशी लाल पेशींचा गडद थर, त्यावर कागदाएवढी पातळ पांढरट रेघ, आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचा द्रव. रेघेलगतचा, बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स भरपूर असलेला द्रव सुईने टाळूत ठिकठिकाणी टोचतात. बिंबाणू वाढीला चालना देणारी प्रथिने सोडतात. काही रुग्णांत केसांची जाडी आणि दाटी वाढल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. मात्र रक्त किती वेळ फिरवायचे, बिंबाणू किती दाट हवेत, किती वेळा टोचायचे, याची पद्धत दवाखान्यागणिक बदलते आणि निकालही बदलतात. प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञ पीआरपीला मिनॉक्सिडिलच्या जोडीचा उपाय म्हणूनच सांगतात. पण त्यात मूलपेशी नसतात. ज्या पाटीवर त्याला स्टेम सेल उपचार म्हटले आहे, ती पाटी खोटी आहे.

चरबीचा मार्ग थोडा वेगळा. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तिच्यातले पेशींचे मिश्रण वेगळे करतात. त्यात चरबीच्या मूलपेशी असतात खऱ्या, पण त्या केस घडवत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा असते ती फुंकर घालण्याची. या अपेक्षेला पायाही आहे: त्वचेखालच्या चरबीच्या अपक्व पेशी रोमकूपाच्या मूलपेशींना जागे करायला मदत करतात, हे येल विद्यापीठात व्हॅलरी हॉर्सली यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांत दाखवले. कोरियात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८ जणांना चरबीच्या मूलपेशींचा अर्क किंवा निष्क्रिय द्रव १६ आठवडे लावायला दिला होता. केसांची संख्या अर्काच्या गटात सुमारे २८ टक्के वाढली, दुसऱ्या गटात ७ टक्के. चाचणी नीट आखलेली होती, पण लहान. आणि तिने तपासला तो ठरावीक पद्धतीने बनवलेला, बाहेरून लावायचा पेशीविरहित अर्क. त्यावरून पोटाची चरबी काढून टाळूत टोचणाऱ्याचे काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकेत तर अशा मिश्रणावर अनेक वर्षे खटला चालला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णाच्याच चरबीतून काढले असले तरी ते औषधच, आणि औषधाचे सगळे नियम त्याला लागू.

एक्झोसोम हा आताचा परवलीचा शब्द. पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पुटिकांना एक्झोसोम म्हणतात आणि त्यांतून पेशी एकमेकींना संदेश पाठवतात. त्यामुळे कल्पना चांगली आहे. पण बाजारातल्या कुपीत कोणत्या पेशींच्या किती पुटिका आहेत, हे सुई टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, नेब्रास्कातल्या रुग्णांना झालेल्या गंभीर अपायानंतर, एक्झोसोमबाबत जाहीर इशारा दिला. कॉस्मेटिक म्हणून वरून लावायला आणलेली कुपी सुईने आत टोचणे हा तर सरळसरळ गैरवापर आहे.

भारतातला नियम समजायला अवघड नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांसाठी होणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर इतर कुठल्याही आजारावर मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. २०१९ च्या औषध आणि चाचणी नियमांत मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ या व्याख्येत येते. टक्कल त्या मान्य यादीत नाही. तेव्हा कुणी चरबीच्या किंवा नाळेच्या मूलपेशी पैसे घेऊन टाळूत टोचत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही सीटीआरआयच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

मला राग येतो तो पैशांपेक्षा वेळेचा. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, लग्नाच्या बाजारात आपली किंमत घटते आहे या भीतीने, वर्ष-दोन वर्षे अशा पॅकेजमागे घालवतो. नेमका तोच काळ असतो जेव्हा रोमकूप लहान झालेले असतात पण हातचे गेलेले नसतात, आणि फिनास्टेराइड-मिनॉक्सिडिल सर्वांत जास्त उपयोगी पडते. त्या औषधांनाही दुष्परिणाम आहेत. फिनास्टेराइडने काहींची कामेच्छा घटते. गरोदर बाईने ते घेणे वर्ज्य आहे. हे सगळे डॉक्टरांशी स्वच्छ बोलून ठरवावे लागते. मुलींची परवड आणखी वेगळी. भांग रुंदावला की आधी तेल, मग शाम्पू, मग जाहिरातीतली गोळी. थायरॉइड, लोह आणि पीसीओएसची साधी तपासणी सर्वांत शेवटी होते.

तरीही पेशींवर आधारलेल्या उपचाराचे स्वप्न पोकळ नाही. रोमकूपाच्या मूलपेशींनी दुसऱ्या एका आजारात आपले मोल दाखवलेही आहे. केसांना रंग देणाऱ्या पेशींच्या मूलपेशी याच फुगवट्यात राहतात. डोक्यावरून उपटलेल्या काही रोमकूपांच्या बाह्य आवरणातल्या पेशी सुट्या करून त्या कोडाच्या डागावर पसरल्या की रंग परत येऊ शकतो, आणि या तंत्रावर दिल्लीच्या एम्समध्ये चांगले काम झाले आहे. केसाने जे काम त्वचेसाठी केले ते स्वतःसाठी करून घेणे मात्र अवघड गेले.

अवघड का? इंग्लंडमधली इंटरसायटेक्स आणि जपानी विग उद्योगातल्या अडेरान्सची अमेरिकी संशोधन शाखा यांनी दोन हजारच्या दशकात त्वचांकुराच्या पेशी वाढवून टाळूत टोचण्याच्या चाचण्या केल्या. विचार सरळ होता: मागून दहा-वीस रोमकूप घ्या, पेशींचे लाखो करा, टोचा, आणि रोपणाची शिल्लक संपण्याचा प्रश्नच मिटवा. दोन्ही प्रयत्न बाजारापर्यंत पोचले नाहीत. माणसाच्या त्वचांकुर-पेशी सपाट बशीत वाढवल्या की त्या चपट्या होऊन पसरतात आणि काही पिढ्यांत केस घडवण्याचा आदेश देण्याची क्षमता गमावतात. उंदराच्या पेशी इतक्या लवकर विसरत नाहीत. उंदरांवर यश आणि माणसात अपयश, हा इतिहास इथे वारंवार का घडला, त्याचे मोठे कारण हे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्तियानो, क्लेअर हिगिन्स आणि जहोडा यांनी २०१३ मध्ये एक साधी युक्ती केली. पेशी बशीत न पसरवता द्रवाच्या थेंबात उलट्या लटकत ठेवल्या. थेंबाच्या तळाशी त्या एकमेकींना बिलगल्या आणि पुंजका झाला, जसा तो रोमकूपात असतो. बशीत हरपलेल्या जनुकीय हालचालींपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्यात परतला. हे पुंजके मुळात केस नसलेल्या मानवी त्वचेत घालून ती उंदरांच्या पाठीवर बसवली, तेव्हा सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी नवे केस उगवले. पाचवा हिस्सा परतल्यावर एवढे होते, हे वाचून या क्षेत्रातल्या लोकांना किती हुरूप आला असेल, याची कल्पना करता येते.

जपानने दोन वाटा धरल्या. टोकियो विज्ञान विद्यापीठात ताकाशी त्सुजी यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदराच्या दोन्ही प्रकारच्या, म्हणजे फुगवट्यातल्या आणि त्वचांकुराच्या, पेशी एकत्र जुळवून रोमकूपाचे बीज तयार केले. त्यातून आलेले केस स्नायूंना आणि चेतातंतूंना जोडले गेले आणि गळून पुन्हा उगवलेही. दुसरी वाट शिसेइदो कंपनीने टोकियोतल्या विद्यापीठ-रुग्णालयांसह धरली. तिथे डोक्याच्या मागून घेतलेल्या रोमकूपांच्या तळाच्या आवरणातल्या पेशी, म्हणजे रेनॉल्ड्स यांच्या हातावरच्या प्रयोगातल्याच जातीच्या, वाढवून ६५ स्त्री-पुरुषांना टोचल्या. आखणी देखणी होती. एकाच डोक्यावर चार जागा. तीन जागी वेगवेगळ्या मात्रा आणि चौथ्या जागी पेशी नसलेला द्रव. त्यामुळे ऋतू, आहार, मनःस्थिती यांचा फरक आपोआप गळून पडला. २०२० मध्ये निकाल आला: सहाव्या आणि नवव्या महिन्यात केसांची दाटी आणि जाडी वाढली होती, आणि ती सर्वांत कमी मात्रेच्या, तीन लाख पेशींच्या जागी. पंचवीस पट पेशी टोचलेल्या जागी तसा लाभ दिसला नाही. वाढ बेताचीच होती. आरशात ओळखू यावी अशी नाही. पण ‘जास्त पेशी म्हणजे जास्त केस’ असे सांगून जास्त पैसे मागणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला हा निकाल दाखवावा.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये कार्ल कोलर यांच्या गटाने त्याहून पुढचे टोक गाठले. त्यांनी कुठल्याही ऊतीत बदलू शकणाऱ्या मानवी मूलपेशींपासून बशीत त्वचाच वाढवली: चरबी, चेतातंतू आणि रोमकूप असलेली. चार-पाच महिने लागले, म्हणजे गर्भात लागतो जवळपास तेवढाच वेळ. उंदरावर बसवल्यावर तिच्यातून केस बाहेर आले. भाजलेल्या, चट्टे पडलेल्या माणसांसाठी हे फार मोलाचे ठरू शकेल. साध्या टकलासाठी मात्र हिशेब कडक आहे. हजारो रोमकूप हवेत, सगळ्यांचा कल योग्य दिशेला हवा, रंग जुळायला हवा, आणि अशा सर्वशक्त पेशींतली एखादी चुकार पेशी गाठ बनवणार नाही, याची खात्री हवी. जीव वाचवण्यासाठी जो धोका पत्करता येतो तो केसांसाठी पत्करता येत नाही, आणि येऊही नये.

म्हणून मला सध्या सर्वांत लक्षवेधी वाटतो तो सर्वांत साधा दिसणारा मार्ग: पेशी टोचायच्याच नाहीत, आहेत त्यांनाच जागे करायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिस इथे विल्यम लॉरी, हेदर क्रिस्टॉफ्क आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाहिले की रोमकूपाच्या मूलपेशी जाग्या होताना ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवण्यावर भर देतात. ग्लुकोजपासून बनलेले पायरुवेट तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, जाण्याची वाट अडवली, तर लॅक्टेट वाढते आणि पेशी कामाला लागतात. या तत्त्वावरचे पीपी४०५ हे जेल पेलाज या कंपनीने माणसांत तपासले. ७८ स्त्री-पुरुषांच्या चाचणीचे निकाल कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले: केसगळती जास्त झालेल्या पुरुषांपैकी ३१ टक्क्यांत आठ आठवड्यांनी दाटी २० टक्क्यांहून अधिक वाढली, तर औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत एकातही नाही. लव असलेल्या जागी नवे केस दिसल्याचेही कंपनी म्हणते. चाचणी लहान आहे आणि आकडे कंपनीचे आहेत. मोठ्या चाचण्यांत ते टिकायला हवेत. शिवाय डीएचटी तर रक्तात तसेच वाहत असते. जागी झालेली मूलपेशी केस बांधायला घेईल, पण तळाचा आटलेला त्वचांकुर तिला किती फेऱ्या साथ देईल, हे आठ आठवड्यांत कळण्यासारखे नाही. रोमकूपाचा एकटा विसावाच तीन महिन्यांचा असतो.